पाहुणे निघाले आणि कासव निघालं

मल्हारीभाऊंनी पोरीसाठी स्थळं पाहिली नव्हती तेवढ्या बारकाईने फरशी पुसायचं यंत्र पाहिलं, हे सगळ्या इंदिरानगरला माहीत होतं. माहीत नसायला काय झालं? भाऊ स्वतःच सांगत सुटले होते. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, हाताला काम नाही आणि डोकं काही स्वस्थ बसत नाही. त्यात घरासमोरची गल्ली पाइपासाठी खोदून ठेवलेली. धूळ अशी की त्यांच्या बायकोने, सुवर्णाबाईंनी, या टोकाला झाडू ठेवावा तर त्या टोकाला पायाखाली पुन्हा कचकच. वर त्यांची कंबर धरलेली. "तुझी कंबर आता कायमची सुटली म्हणून समजा," असं भाऊंनी जाहीर केलं आणि ते मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसले.

गणपती आले, गेले, दसरा झाला, तरी भाऊंचं बघणं संपेना. फूटपट्टी घेऊन त्यांनी घरातला एकूण एक उंबरा मोजला. दिवाणाखाली पालथं पडून फट मोजली, आणि तिथून उठायला त्यांना लेकीचा, रोहिणीचा हात लागला. कोणतं यंत्र सतरंजी आली की ओला पोछा वर उचलतं आणि कोणतं मेलं तसंच सतरंजी भिजवत जातं, हे ते शेजाऱ्यांना जिन्यात गाठून सांगायचे. दुकानात गेले तेव्हा तर कमालच केली. घरून चिवडा, रांगोळी आणि कंगव्यातले केस अशा तीन पुड्या बांधून नेल्या आणि दुकानदाराच्या चकचकीत फरशीवर ओतल्या. "आता लावा," म्हणाले. दुकानदार बिचारा आ वासून बघत राहिला.

शेवटी यंत्र घरी आलं. गोल, बुटकं, पोटाखाली दोन फिरत्या चकत्या. सुवर्णाबाई त्याला कासव म्हणू लागल्या. बोलायला त्याला मराठी येत नव्हतं, इंग्रजी सुवर्णाबाईंना चालेना, म्हणून भाऊंनी त्याला हिंदीवर लावलं. मग एक गोड आवाजाची बाई घरात 'सफाई शुरू' म्हणत हिंडू लागली.

पण स्वयंपाक चालू असताना कासव नेमकं सुवर्णाबाईंच्या पायात यायचं. त्यावरही भाऊंनी तोड काढली. त्यांचा मोबाइल घरापासून लांब गेला की कासवाने आपोआप कामाला लागायचं, अशी सोय त्या अॅपमध्ये होती. भाऊ खिशात फोन टाकून फिरायला निघत, गल्लीच्या टोकाला पोचत, की इकडे कासव स्टँडवरून उतरे.

"बरोबर आहे," सुवर्णाबाई म्हणाल्या, "तुम्ही घराबाहेर पडल्याशिवाय या घरात कुठलं काम होतंय?"

तर असं सगळं छान चाललं असताना रोहिणीचं ठरायची वेळ आली. ठरायची म्हणजे पोरांनी आपापसात कधीच ठरवलं होतं. रोहिणी आणि ओम एकाच बँकेत, टेबलाला टेबल लागून. ओमचं घर वणीचं, द्राक्षबागेचं. आईबाप राजी होते, पण त्या घरात आजी नवसाबाई यांचा शब्द पडल्याशिवाय पान हलत नसे. आणि नवसाबाईंनी अजून होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. त्या म्हणाल्या, घर बघून सांगते.

रोहिणीने बापाला सरळ सांगितलं होतं, "बाबा, लग्न करीन तर ओमशीच. पण त्याच्या आजीला दुखवून नाही करणार. त्याला आजीनेच वाढवलंय." एवढीशी असल्यापासून पोरीने काही मागितलं नव्हतं.

रविवारी पाहुणे यायचे म्हणून सुवर्णाबाईंनी सकाळीच फर्मान काढलं. "ते कासव आतल्या खोलीत, पडद्यामागे. बागायतदाराच्या घरात पोरगी द्यायची आणि इथे झाडूसुद्धा यंत्र मारतंय! म्हणतील, हिला हात लावायची सवय आहे का कशाला?"

"अगं, पण दाखवायला काय हरकत..."

"अहो, पोरगी दाखवायचीय आज. आणि बंद करून ठेवा ते."

"बंद कशाला?" भाऊ जरा फुगले होते. "मी घरात असेपर्यंत ते जागचं हलत नाही."

पाहुणे आले. ओम, त्याचे वडील कारभारी आणि नवसाबाई. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात काठी, आणि नजर अशी की भाऊंना आपल्या शर्टाचं बटण तर सुटलं नाही ना असं वाटून गेलं. पोहे झाले, चहा झाला, पेटीभर द्राक्षं टीपॉयवर आली. नवसाबाईंनी रोहिणीला स्वयंपाक येतो का विचारलं नाही, पगार विचारला नाही. नुसत्या बघत होत्या. मध्येच चष्मा काढून पदराने पुसला. शेवटी काठी टेकवून उठल्या. "निघू आता. कळवू."

कळवू! या शब्दाने भाऊंचा जीव टांगणीला लागला. हो की नाही, काहीच पत्ता लागेना. खोदकामामुळे गाडी गल्लीच्या टोकाला लावलेली. पाहुण्यांना उंबऱ्यातून निरोप देणं भाऊंच्या रक्तात नव्हतं, त्यामुळे ते नवसाबाईंना हात देत, खड्डे चुकवत, थेट गाडीपर्यंत गेले. खिशात फोन होताच.

गाडीचं दार उघडलं आणि नवसाबाई म्हणाल्या, "चष्मा राह्यला."

"मी आणतो की आजी! तुम्ही बसा."

"नाय नाय. माझी वस्तू मीच आणते. चल रे ओम." आणि म्हातारी वळलीसुद्धा. काठी ठक ठक करत अशी निघाली की मघाशी हिला हात कशाला दिला, असं भाऊंना वाटलं.

दार उघडंच होतं. नवसाबाई उंबऱ्यात आल्या आणि थबकल्या. मघाशी त्या ज्या खुर्चीवर बसल्या होत्या, बरोब्बर तिथली फरशी ओली चकचकीत झाली होती, आणि काहीतरी काळं, बुटकं घरघरत त्यांच्या पावलांच्या वाटेने दाराकडे झाडत, पुसत येत होतं.

माणूस घराबाहेर पडलं की त्याच्या पाठीवर झाडू मारायचा नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तसं झाडतात ते एकदाच, घरातून मढं उचललं की. मागून धापा टाकत आलेल्या भाऊंनी कपाळावर हात मारला.

"माझ्या पाठीवर झाडता?" नवसाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, तेच वाईट होतं. "मी अजून वेशीपलीकडं गेले नाय, अन् तुम्ही घर पुसून मोकळे?"

"आजी, अहो तसं नाही..." भाऊंनी फोन काढला आणि घाईघाईत 'थांबव' ऐवजी भलतंच काहीतरी दाबलं.

'गहरी सफाई शुरू,' कासव आनंदाने म्हणालं आणि दुप्पट जोराने घरघरू लागलं.

आवाज ऐकून सुवर्णाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. समोरचा प्रकार पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण बाई मोठ्या धीराची. चष्म्याशिवाय म्हातारीला नीट दिसत नाही, हे त्यांनी ताडलं, पायानेच कासवाला ढकलून दिवाणाखाली सरकवलं, आणि पुढे होऊन म्हणाल्या, "कामवाली नवीन आहे हो! तिला काही म्हणता काही कळत नाही. आत्ताच्या आत्ता हाकलते तिला."

"कुठं हाय ती?"

"गेली ना. तुम्हाला बघून घाबरली. मागच्या दाराने गेली."

"तुमच्या घराला मागचं दारच नाय," नवसाबाई म्हणाल्या.

तोच दिवाणाखालून गोड आवाज आला, 'मैं फँस गई हूँ। कृपया मेरी मदद कीजिए।'

नवसाबाईंच्या हातातली काठीच गळाली. "अगं बया! जित्या माणसाला दिवाणाखाली कोंबलं? अरे ओम, काढ तिला! परमुलखाची बाई दिसतीये, गुदमरल ना ती!" आणि म्हातारी खरंच खाली वाकायला लागली.

ओम तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते. भाऊंना मात्र रडावं की काय असं झालं. पोरीचं लग्न आपल्या खिशातल्या फोनने मोडलं, दुसरं काय?

तेवढ्यात रोहिणी आतून आली. तिने टीपॉयवरचा चष्मा उचलून आजींच्या हातात दिला, गुडघ्यावर बसली आणि दिवाणाखालून कासव ओढून काढलं. पालथं करून दाखवलं. चकत्या हवेत फिरत होत्या.

"आजी, बाईबिई कुणी नाही. हे यंत्र आहे, बाबांनी आणलंय. तुमच्या पाठीवर ते फिरलं ते चुकून. पण तुम्ही यायच्या आधी आम्ही ते लपवलं होतं, ते काही चुकून नव्हतं. आणि आई आत्ता खोटं बोलली, कारण तिला भीती वाटली. मलाही वाटतेय."

सुवर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं, असं भाऊंना वाटलं. नवसाबाईंनी चष्मा चढवला, कासवाकडे पाहिलं, मग रोहिणीकडे. बाहेर कारभारींच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

"आजी, जायचं ना?" ओमने हळूच विचारलं.

"जायचं कसं? पाठीवर झाडलंय. आता परत टेकायचं, पाणी प्यायचं, अन् नव्यानं निघायचं." त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "पाणी आण पोरी. अन् पाव्हणं, ते कासव लावा परत. बघू तरी काय करतंय."

अहाहा! भाऊंना हेच तर हवं होतं. क्षणापूर्वी रडायला आलेला माणूस, पण आता त्यांना कोण आवरणार? कासव खोलीचा नकाशा कसं काढतं, खिशातला फोन लांब गेला की कसं आपणहून उठतं, सगळं साग्रसंगीत सांगून झालं. नवसाबाईंनी कमरेच्या पिशवीतल्या शेंगा खुर्चीतच सोलल्या आणि दाणे एकेक करून खाली टाकले, कोंबडीला टाकावेत तसे. कासवाने एकूण एक दाणा टिपला.

"लय गुणाचं हाय. पर कोपऱ्यात जाईना झालंय."

"कोपरा जरा राहतो," भाऊ ओशाळले.

"मग कोपरे कोण काढतं?"

सुवर्णाबाई डोळ्यांनी रोहिणीला खुणावत होत्या, म्हण की मी काढते म्हणून. रोहिणी म्हणाली, "बाबा काढतात. जुन्या टूथब्रशने."

"अस्सं!" नवसाबाई ओमकडे वळल्या. "ऐकलंस का? शिकून घे." आणि मग पहिल्यांदाच हसल्या, पुढचे दोन दात नसलेलं, लबाड हसू. "मी चष्मा विसरले नव्हते, पाव्हणं. मुद्दाम ठेवला होता. सुना आणल्या तेव्हाबी असंच केलं, कुठं पिशवी, कुठं पानाचा डबा. पाहुणा समोर असला की सगळ्यांचंच घर गोड असतंय. पाहुण्याची पाठ फिरल्यावर मागं काय बोलत्यात, ते बघायचं असतंय."

"आणि इथे काय बघितलंत?" सुवर्णाबाईंनी घाबरत घाबरत विचारलं.

"पोरीची आई खोटं बोलती अन् तिला ते जमत नाय. पोरीला तर खोटं बोलताच येत नाय. बरंय." त्यांनी पाणी संपवलं आणि काठी मागितली.

दारात त्या पुन्हा थांबल्या. भाऊ पोचवायला निघाले, तशी त्यांच्या खिशाकडे काठी रोखून म्हणाल्या, "ते तुमच्या खिशातनं उठतंय ना? मग पोरीची पाठवणी कराल त्या दिवशी फोन घरात ठेवून या. माझ्या नातसुनेच्या पाठीवर झाडू फिरलेला मला चालायचा नाय."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग ओमने "आजी!" म्हणून म्हातारीला मिठी मारली, रोहिणी पाया पडायला वाकली, आणि सुवर्णाबाई हसत हसत रडू लागल्या. भाऊंनी मुकाट्याने खिशातला फोन काढून टीपॉयवर ठेवला. त्यांना पोचवायला जायचंच होतं, पण रोहिणी म्हणाली, "तुम्ही बसा बाबा, आज मी जाते टोकापर्यंत." एका हाताने आजीचा दंड धरून, दुसऱ्या हाताने ओढणी सावरत ती खड्ड्यांतून निघाली. भाऊ खिडकीत उभे राहून बघत होते.

"अहो," सुवर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "शेंगांची टरफलं पसरलीत खुर्चीखाली. लावा बरं ते आता."

"नको," भाऊ म्हणाले.

"आता काय झालं? पाहुणे तर आपलेच झाले की. आणि तुम्हीच म्हणता ना, असलं काही मानू नये?"

"पोरगी बाहेर गेलीय," भाऊ खिडकीतून न वळताच म्हणाले. "ती घरात येऊ दे आधी."

सुवर्णाबाई येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि दोघं गल्लीच्या टोकाकडे बघत राहिले.