सूचनाफलकावरचे दोन कागद

मी एक जुना सूचनाफलक आहे. लाकडी चौकट, आत विटलेले हिरवे कापड आणि अंगभर टाचण्यांची भोके. कारखाना केव्हाच बंद पडला, मी अडगळीत आहे. तरी मला झोप म्हणून नाही. भोंग्याच्या वेळेला ओल्या चपला वाजतात, कुणीतरी माझ्यासमोर थांबते आणि निघून जाते. बघावे तर समोर कुणी नसते.

मित्रांनो, कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात मी फाटकाच्या आतल्या भिंतीवर होतो. माझ्या अंगावर काय काय लागले! सहलीचे आमंत्रण, जुन्या सायकलची जाहिरात, कुणाच्या लेकीने केलेली कविता. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. जाहिरात लाडीगोडी लावते, आमंत्रण हात जोडते, कवितेपाशी माणूस उगाच रेंगाळतो. सूचनेने मात्र कामाचे तेवढे बोलावे आणि मोकळे व्हावे.

आमच्या मॅनेजरसाहेबांचे अक्षर मोत्यासारखे, आणि भाषा तर विचारूच नका. त्यांनी लिहिलेले मानपत्र ऐकून म्हातारे कामगार डोळे पुसत. त्या कौतुकाने साहेब असे हुरळले, की पाणी बंद राहणार असले तरी सुरुवात 'आपणा सर्वांच्या स्नेहास स्मरून' अशीच. लोक दोन ओळी वाचायचे, हसायचे आणि पुढे जायचे. मलाही गंमत वाटायची.

मग मागच्या टाकीत विषारी वायू साचला. दुरुस्तीवाले दुसऱ्या दिवशी येणार होते, म्हणून साहेबांनी सूचना लावली. आधी कामगारांच्या निष्ठेची स्तुती, मग कारखान्याच्या परंपरेचा गौरव, आणि पार तळाशी, वळणदार अक्षरात, टाकीत न उतरण्याची नम्र विनंती.

सकाळी टाकी धुणारा रंगारी, नेहमीसारखा ओल्या चपला वाजवत, आणि त्याची बायको बरोबरच आत आले. ती घडी विभागात होती. भोंगा वाजत होता. त्याने वरच्या दोन ओळी वाचल्या. "कुणाचा तरी निरोप समारंभ दिसतोय. संध्याकाळी निवांत वाचू," असे तिला म्हणाला आणि मागे गेला. मला तोंड असते तर मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, की बाबा रे, खाली वाच. दुपारी त्याला टाकीतून बाहेर काढले, तेव्हा सगळे संपले होते.

साहेबांनी तो कागद स्वतःच्या हाताने फाडला. तिथे लाल रंगात लिहिले, 'टाकीत उतरू नका. जीव जाईल.' पण त्यांनी शब्दांचा असा धसका घेतला, की शोकसंदेशही तसाच लावला. 'रंग विभागातील कामगाराचे निधन. उद्या काम बंद.'

बायको कामावर परतली, तेव्हा तिने तो वाचला. तिथेच, माझ्यासमोर, तिने साहेबांना बोलावून घेतले.

"धोक्याचं सांगायचं होतं तेव्हा पानभर लिहिलंत, साहेब. आणि माझं माणूस गेलं तर एवढंच? ही काय सुट्टीची सूचना आहे का?"

साहेबांची मान वर होईना. "काय लिहू, वहिनी?"

"मी सांगते. तुम्हाला येतं तसं लिहा."

तिने सांगितले आणि साहेबांनी लिहिले. कोपरापर्यंत निळे झालेले हात पाहुण्यांसमोर तो बाहीत लपवायचा. नवा रंग जमला की त्याची चिंधी खिशात घालून तिला दाखवायला आणायचा. गाताना सूर हमखास चुकायचा आणि तिथेच आवाज चढवायचा. पान भरले, दुसरे लागले. साहेबांचे अक्षर प्रथमच वेडेवाकडे आले.

ते कागद लागले त्या दिवशी भोंगा वाजून गेला, तरी माझ्यासमोरून कुणी हलेना. ती सगळ्यांत शेवटी पुढे झाली, तिने ते सावकाश वाचून काढले आणि म्हणाली, "एवढं मात्र ह्यांनी शेवटपर्यंत वाचलं असतं."

मित्रांनो, लिहायला बसाल तेव्हा आधी वाचणाऱ्याकडे बघा. तो थांबलेला असेल तर त्याच्याशी खुशाल मन मोकळे करा. पण तो घाईत असेल, तर जीव वाचवणारे वाक्य त्याला आधी सांगा. राहिलेले त्याच्यामागे म्हणायची वेळ कुणावरही येऊ नये.