अर्जदार गैरहजर

हनीफभाईंनी कॉम्प्युटरचा स्क्रीन मृणालिनीकडे वळवला आणि एका अरबी ओळीवर पेनाचं टोक टेकवलं.

"मॅडम, केस खलास. दो बार कोर्ट ने बुलाया, आप आये ही नहीं."

"बुलाया? कब बुलाया?"

कडेवरची मिहिका पेन ओढायला बघत होती. खलिफा सिटीतल्या याच टायपिंग सेंटरमध्ये मृणालिनीने अर्ज टाईप करून घेतला, तेव्हा ही पोटात होती. वकील नाही, कुणी नाही. बाईसाहेब स्वतःच कोर्टात बोलणार होत्या. पोट दिसायला लागल्यावर कंपनीने तिला काढलं, आणि वर पत्रात कारण काय लिहावं? कामात हयगय! इतकी वर्षं मान मोडून काम केलं त्याचं हे बक्षीस. नोकरी गेली तर गेली, पण तो शब्द कोर्टाने खोटा ठरवायला हवा होता. तो शिक्का घेऊन फिरणाऱ्या बाईला दुसरं कोण दारात उभं करणार?

सुनावणी व्हिडिओवर होणार, लिंक मेसेजने येणार, हे तिला ठाऊक होतं. फोन बघून बघून डोळे शिणले होते. नवरा, राजन, म्हणायचा, "कोर्टाचं काम आहे बाई, येईल इन्शाल्ला."

"मेसेज तो गया है," हनीफभाई म्हणाले. "ये देखो नंबर."

नंबर राजनचा होता. तिचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, म्हणून ओळखपत्राला नंबरही त्याचाच. कोर्टाने तोच उचलला होता.

"फिर से खुलेगा?"

"खुलेगा, लेकिन जल्दी करो. पहले आयडी वाले ॲप में अपना नंबर डालो."

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत.

"कोर्टाचे मेसेज तुला येत होते."

राजनने टीव्ही बंद केला. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ते जमलं नाही.

"आमच्या साहेबांची तुझ्या कंपनीच्या लोकांशी उठबस आहे, मृणाल. उद्या मला काढलं तर? तिघांचे व्हिसा माझ्या नोकरीवर आहेत. एका शब्दासाठी एवढं?"

"मग तसं सांगायचंस ना! भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं तुझं." तिचा आवाज फाटला. "तू परस्पर मला गैरहजर लावलंस."

त्याने मान खाली घातली. तिला त्याचा इतका राग आला होता, आणि तरी त्याचा पडलेला चेहरा बघवेना.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "काय करायचं सांग. करतो."

ती समोर बसली. मिहिकाला मांडीवर घेऊन तिने ॲप उघडलं, आपला नंबर टाकला. बदल करायचा तर जुन्या नंबरवर कोड जाणार होता.

"तुझ्या फोनवर कोड येईल. वाचून दाखव."

राजनच्या हातातला फोन टिंग करून वाजला. मिहिकाने आवाजाकडे मान वळवली. राजनने स्क्रीनवर नजर टाकली.

"नाही आला अजून," तो म्हणाला.

मृणालिनीने 'पुन्हा पाठवा' दाबलं. फोन पुन्हा वाजला.

"नेटवर्क नसेल," म्हणत राजनने तो टीपॉयवर पालथा ठेवला.

त्याच्याकडे बघत तिने पुन्हा दाबलं.