घंटेची तयारी

माझ्या नातीला घरात सगळे खारू म्हणतात. वय वर्षं सात. लहानपणी कुठे खुट्ट झालं की खारीसारखी सुर्रकन टेबलाखाली पळायची, म्हणून हे नाव पडलं आणि इतकं चिकटलं, की तिचं खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीत उरलंय. मी तिच्या आईचा बाप. एकतीस वर्षं शहरबस चालवली. हॉर्न, ब्रेक आणि इंजिन यांच्या गदारोळात जन्म काढला. त्या माझ्याच वाट्याला मिक्सर लावला तरी कान दाबून किंचाळणारी नात यावी, याला काय म्हणायचं!

बरं, नुसत्या आवाजाचंच नव्हतं. फ्रॉकच्या मानेशी लेबल असलं की ती तो अंगावर ठेवायची नाही. मोजे उलटे घालायची, कारण शिवण बोटांना टोचते. केळं, कोरडा पाव आणि साधा भात, एवढ्यावरच तिचं जेवण. माझं निदान तयार होतं: लाड. आई नोकरीवर, बाप नोकरीवर, दोघंही पोरीपुढे मऊ, त्यामुळे पोर डोक्यावर बसलीय.

मग शाळेत तो प्रकार घडला. आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं, याचा सराव होता आणि कुणाला काही न सांगता घंटा वाजवली गेली. बाकीची मुलं रांगेत उभी राहिली. खारू पळाली. वर्गातून, मैदानातून, फाटकातून थेट रस्त्यावर. एका सायकलवाल्यानं कचकन ब्रेक दाबला आणि स्वतः आडवा झाला, म्हणून ती वाचली. त्या दिवसापासून तिनं शाळेत पाऊल टाकलं नाही. कुठल्याही इमारतीत नेलं की आधी मान वर. छताला आगीच्या घंटेची लाल डबी दिसली की पाय जागीच रुतायचे.

डॉक्टरांनी तपासलं आणि सुट्टीतला एक गट सुचवला. अशाच सहा मुलांचा, चार आठवडे, रोज सकाळी तीन तास. मुलीला आणि जावयाला रजा नव्हती. "बाबा, तुम्ही न्याल ना?" मुलीनं विचारलं. मी म्हटलं, "नेतो. निदान पोरीला खेळायला तरी मिळेल."

एका जुन्या चौकोनी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ती खोली होती. खाली जाड गाद्या अंथरलेल्या, तुळईला ताणल्या जाणाऱ्या कापडाची झोळी टांगलेली, एका टबात वाटाणे, एका कोपऱ्यात छोटा तंबू. भिंतीवरच्या खुंट्यांना आवाज अडवायला कानांवर चढवायची जाड टोपणं लटकत होती. गट चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. तिशीच्या, बुटक्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. मदतीला एक मावशी होत्या, पूर्वी पोहणं शिकवणाऱ्या, खांद्यांनी भरभक्कम.

खारूनं उंबऱ्यात पाय ठेवला, वर पाहिलं आणि मागे सरली. छताला लाल डबी होती.

"चल गं, काही होत नाही," म्हणत मी तिचा हात ओढला. तिनं जमिनीवर बसकण मारली.

ताई आल्या. आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजोबा, सोडा तिला. ती इथेच बसेल." आणि खरंच एक गादी ओढत आणून त्यांनी दारात टाकली. पहिला दिवस खारूनं तिथेच बसून काढला. दुसराही. आत एक धिप्पाड मुलगा धावत येऊन गाद्यांच्या ढिगावर धाडकन अंग टाकत होता. त्याला सगळे तोफ म्हणायचे. त्याला आदळल्याशिवाय आपलं अंग नीट जाणवायचं नाही म्हणे, आणि आमच्या खारूला वाऱ्याची झुळूकही फार वाटायची. ताई म्हणाल्या, "दोघांचे कान, कातडी सगळं ठणठणीत आहे, आजोबा. आत आलेल्या गोष्टीचं काय करायचं, हे मेंदू प्रत्येकाचा वेगळं ठरवतो. हिच्या मेंदूला घंटा म्हणजे वाघ वाटतो. वाघ दिसल्यावर रांगेत कोण उभं राहील?"

मला पटलं नाही असं नाही, पण दोन दिवस दारात बसायला का मी पोरीला आणत होतो? तिसऱ्या दिवशी मी शक्कल लढवली. आत शिरण्याआधी तिच्या कानात म्हटलं, "ती डबी मी काल बंद करून टाकली. तार काढली तिची. आता वाजणारच नाही."

"खरंच?"

"आजोबा खोटं बोलतो का कधी?"

खारू आत गेली. झोळीत शिरली, वाटाण्यांत कोपरापर्यंत हात घातले, तोफेशी चक्क बोलली. मी दाराशी बाकावर बसून मिशीतल्या मिशीत हसत होतो. सुटल्यावर ताईंनी विचारलं, "आज हे जमलं कसं?" मी छाती फुगवून सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. "आजोबा, उद्या ती वाजली तर?"

"उद्याचं उद्या बघू."

"उद्या ती घंटेलाही घाबरेल आणि तुमच्यावरचा विश्वासही जाईल. मग तिनं कुणाचा हात धरायचा? आज घरी जाताना तुम्हीच तिला खरं सांगा."

एकतीस वर्षांत साहेबानंही माझी अशी कानउघाडणी केली नव्हती, आणि तीही आवाज न चढवता.  शेवटी घराच्या जिन्यात बसलो, तिला शेजारी बसवलं आणि सांगून टाकलं. "खारू, मी थाप मारली. डबी चालू आहे. ती तशीच राहायला हवी, कारण आग लागली तर तीच सांगते. चुकलो मी."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की भर रहदारीत गाडी बंद पडावी तसं मला झालं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गादी पुन्हा दारात आली. मी मात्र कानाला खडा लावला.

तिसऱ्या दिवशी तिनं ताईंना आपणहून विचारलं, "ती वाजते कधी?"

"तूच वाजवून बघतेस?" ताई म्हणाल्या.

इमारतीच्या यंत्रांची देखभाल करणारे एक गृहस्थ होते, खिशात कायम पेचकस. त्यांनी एक सुटी घंटा फळीवर बसवून आणली, तिला बटण जोडलं. घंटा ठेवली जिन्यापलीकडच्या कोठीत, मध्ये दोन दारं बंद. बटण खारूच्या हातात. दाबलं की कुठेतरी लांब किणकिण. सोडलं की बंद. तिनं दाबलं आणि लगेच सोडलं. मग पुन्हा. त्या दिवशी तिनं चाळीसेक वेळा बटण दाबलं असेल. दुसऱ्या आठवड्यात एक दार उघडलं. तिसऱ्या आठवड्यात घंटा खोलीतच आली, सगळ्यांच्या कानांवर टोपणं आणि बटण पाळीपाळीनं प्रत्येकाकडे. सोबत आणखी एक धडा होता. एक लांब दोर, त्याला गाठी, प्रत्येकाची गाठ ठरलेली. घंटा झाली की टोपणं चढवायची, गाठ धरायची, जिना उतरायचा, मोठ्या दारातून डावीकडे वळायचं आणि पिवळ्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. जीव घाबरला तर थांबायचं आणि कुणाला तरी खांदे घट्ट दाबायला सांगायचं. खारूची गाठ तिसरी.

चौथ्या आठवड्यात गुरुवारी अकरा वाजता अख्ख्या इमारतीचा सराव ठरला. मुलांनी फळ्यावर दिवस खोडत आणले होते.

घंटा वाजली मंगळवारी.

मी खाली बाकावर होतो. दिवस चुकला की काय, असं क्षणभर वाटलं. मग तळघराच्या दारातून धूर येताना दिसला. तिथे धुलाईची यंत्रं होती. माणसं जिना उतरू लागली आणि मी त्यांच्या उलट वर निघालो. हे नियमाविरुद्ध होतं, मला माहीत होतं; पण पाय ऐकेनात.

अर्ध्या जिन्यावर ते मला भेटले. पुढे ताई, मागे मावशी, मध्ये दोर आणि सहा टोपणं. एक मुलगा मोठमोठ्यानं रडत होता, पण गाठ सोडली नव्हती. तोफ पायऱ्या मोजत होता. वळणावर भिंतीलाच एक मोठी घंटा होती आणि तिच्याखाली येताच खारूच्या हातातली गाठ सुटली. तोंड पांढरं, नजर थेट खालच्या उघड्या दाराकडे. दारापलीकडे रस्ता, आणि त्यावर गाड्या.

तिला उचलून खाली न्यावं, असं माझ्या हातांना वाटत होतं. पण मी दोन पायऱ्या खालीच उभा राहिलो. तिला माझे ओठ दिसावेत म्हणून वाकलो. "उचलू? का चालतेस?"

तिनं मान हलवली. दोन्ही हात स्वतःच्या खांद्यांवर ठेवले. मला कळलं. मी तिचे खांदे धरले आणि घट्ट दाबले, स्टिअरिंग धरावं तसे. मागे मावशी शांतपणे थांबल्या, बाकीची मुलं थांबली. ताईंनी दोर ताणून धरला. असे दहा आकडे मोजून झाले असतील. खारूनं हात लांब करून आपली गाठ शोधली.

मोठ्या दाराशी पोहोचलो. समोर फाटक सताड उघडं होतं. रांग डावीकडे वळली. खारूही वळली. पिवळ्या भिंतीला पाठ टेकली आणि सकाळचं केळं तिथेच ओकून टाकलं. मी तिचं तोंड पुसलं. यंत्रवाले गृहस्थ तळघरातून वर येऊन काय झालं ते सगळ्यांना सांगून गेले.

"आजोबा, ही खरी होती?"

"खरी होती. तळघरात धूर झालाय. एक यंत्र जळलं, कुणाला काही झालेलं नाही."

तिनं थोडा विचार केला. "मग बरं झालं वाजली."

ताई मुलं मोजत होत्या. सहा. पुन्हा मोजली. सहाच. मग भिंतीला टेकून त्या मुलांशेजारीच खाली बसल्या.

गुरुवारचा सराव आता हवा कशाला, असं मला वाटलं होतं. मुलांनी ऐकलं नाही. फळ्यावर लिहिलेलं मोडायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. यंत्रवाल्या गृहस्थांनी खारूला खुर्चीवर उभं केलं आणि अकराच्या ठोक्याला तिनं इमारतीचं खरंखुरं बटण दाबलं. मुलं तीन मिनिटांच्या आत भिंतीशी हजर. वरच्या मजल्यावरची कचेरीतली मंडळी मात्र गप्पा मारत, हातात कप घेऊन रमतगमत उतरली. तोफेला ते सहन झालं नाही. "ओ काका, कप वर ठेवून यायचं असतं! आणि एवढा उशीर?" एका टायवाल्या साहेबांनी मुकाट्यानं कप पाठीमागे लपवला.

सुट्टी संपल्यावर मुलगी आणि मी ताईंचं पत्र घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी ते दोनदा वाचलं आणि कबूल केलं, की पुढच्या सरावाची खारूला आधी कल्पना देऊ. खारू शाळेत जायला लागली. बदलली म्हणाल तर सगळी नाही. मोजे अजून उलटेच असतात आणि मिक्सर लावण्याआधी आम्ही तिला हाक मारून सांगतो. यात लाड काय आहेत, हे मी आता शेजाऱ्यांना समजावत असतो, त्यांनी विचारलं नाही तरी.

दुसऱ्या महिन्यात शाळेतून फोन आला. तो मीच घेतला. वर्गशिक्षिका बोलत होत्या. "आज सराव झाला," असं त्यांनी म्हटलं, तोच मी विचारलं:

"खारू कुठे आहे?"

"शाळेतच आहे. सरावाची कल्पना तिला सकाळीच दिली होती. कान दाबून होती, पण रांगेत आली. त्यासाठी फोन नाही केला. ती म्हणते, वाचनालयाजवळची घंटा वाजलीच नाही. आम्ही बघितलं, तर खरंच बंद आहे. आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं हो. दुरुस्तीवाल्याला बोलावलंय, पण तो येईपर्यंत ती त्या घंटेखालून हलायला तयार नव्हती. शेवटी तिथेच टेबल टाकून दिलं, गणितं सोडवतेय."

"किती सोडवली?" मी विचारलं.

"सात," बाई म्हणाल्या. "सगळी बरोबर."