आपोआप न सरकणारा पडदा

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे बरं का! नाटकाचा असतो तर माझी कहाणी ऐकायला तुम्ही तिकीट काढून, नटूनथटून आला असता. मी आपला कपड्यांच्या दुकानातला, कपडे घालून बघायच्या खोलीचा पडदा. सध्या त्याच दुकानाच्या माळ्यावर एक बिघडलेलं शिलाई मशीन झाकून बसलो आहे. एरवी मला तोंड नाही, मित्रांनो. ही गोष्ट सांगण्यापुरतं उसनं घेतलं आहे.

माझा जन्म कापडगिरणीतला. जाड सुताचा, गडद निळा, भक्कम विणीचा. मालक मला विकत घ्यायला आला तेव्हा त्याने मला दिव्यासमोर धरलं आणि मागे आपला हात हलवून पाहिला. हात दिसला नाही, तेव्हा तो खूश झाला. शिंप्याने माझ्या वरच्या काठाला पितळी कड्या बसवल्या, खाली रुंद दुमड घातली आणि म्हणाला, "असा पडदा माझ्या घरालासुद्धा नाही." त्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षं फुशारकी मारली.

पण मला टांगायचा दांडा आणताना मालकाची काटकसर आडवी आली. त्याने दोन उरल्यासुरल्या नळ्या मधोमध डाग देऊन जोडून घेतल्या. जोडावर लोखंडाचं एक टेंगूळ राहिलं. "घासून देऊ का?" असं कारागिराने विचारलंही. मालक म्हणाला, "राहू दे, कुणाला दिसतंय तिथं!" तेव्हापासून माझ्या कड्या त्या टेंगळापाशी अडायला लागल्या. मला दोन्ही हातांनी धरायचं, जरासं वर उचलायचं आणि मग झटका द्यायचा, तेव्हा कुठे मी पुढे सरकायचो. या टेंगळाची मला भारी लाज वाटायची. चारचौघांत माझं अडणं म्हणजे जेवायला बसल्यावर उचकी लागण्यासारखं होतं.

तरी मी काम चोख केलं. माझ्या आड लोक आरशाशी काय काय बोलतात ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. एक गृहस्थ लहान मापाच्या सदऱ्यात असे अडकले की दोघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. मी मात्र एवढीशी फट पडू दिली नाही. मुलं माझ्यात गुंडाळून लपायची, आया त्यांना शोधत फिरायच्या. मालकाची आई मला धुऊन वाळत घालताना म्हणायची, "काय बाई रंग आहे, हलत नाही!" मी वाऱ्यावर फुगायचो.

दुकानात एक विक्रेती होती. तिला सगळे 'पटापटबाई' म्हणत, कारण दर दोन वाक्यांमागे तिचं "चला, पटापट" असायचं. कामाला वाघ होती. कोणतं माप कोणत्या फळीवर आहे हे ती न बघता सांगायची. मालक सतत तिच्या मागे लागायचा, "गर्दीत गिऱ्हाईक परत जाता कामा नये," आणि ते बिचारीने फारच मनावर घेतलं होतं.

एकदा दुकानात सवलतीच्या विक्रीचे दिवस होते. माझ्या शेजारच्या खोलीत मालकाने मालाची खोकी छतापर्यंत रचली होती, म्हणून सगळी गर्दी माझ्याच दारात. त्या दिवशी एक ताई आल्या. दोन्ही काखांत कुबड्या, एका पायाला पट्ट्यांनी बांधलेला लोखंडी आधार. एका दवाखान्यात औषधं द्यायच्या कामावर त्या रुजू होणार होत्या आणि पहिल्या दिवसासाठी त्यांना चांगली पँट हवी होती. सोबत त्यांचे बाबा होते. उभा जन्म बस चालवून निवृत्त झालेले, आता लेकीची पिशवी सांभाळत उभे होते.

"मला जरा वेळ लागेल हं," ताईंनी आधीच सांगितलं. "पायाचा आधार काढावा लागतो."

"हो हो, घ्या की," पटापटबाई म्हणाली. बाबांना मी ओढता येईना, तेव्हा तिनेच त्यांना शिकवलं, "एका हाताने नाही यायचा तो. दोन्ही हातांनी उचला, मग ओढा." मित्रांनो, हे तिचं वाक्य लक्षात ठेवा.

मग बाबांनी मला ओढून लावलं. आत ताईंनी कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि एकेक पट्टा सोडायला घेतला. बाहेर रांग चुळबुळू लागली. कुणी घड्याळ बघितलं, कुणी नुसताच सुस्कारा सोडला. एक बाई म्हणाली, "आत झोपलं की काय कोणी?" आणि रांगेत हसू पसरलं.

"अहो, किती वेळ?" पटापटबाईने विचारलं.

"आलेच. पट्टे लावायचेत."

"असं असेल तर घरच्यांना पाठवायचं ना! इतकी माणसं खोळंबलीत." आणि तिने मला दोन्ही हातांनी धरलं, उचललं आणि झटका दिला.

मी उघडलो. ताई एका पायावर, भिंतीला धरून, कपडे अर्धवट, पट्टे लोंबकळणारे. समोर सगळी रांग. काहींनी माना फिरवल्या, काहींनी फिरवल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाकण्यासाठी ज्याला विणलं, त्यालाच हाताशी धरून एका माणसाला उघडं पाडलं होतं. बाबा धावत आले आणि मला ओढू लागले. पण घाईत ते मला उचलायचं विसरले, आणि मी त्या टेंगळापाशी अडलो. त्यांनी पुन्हा ओढलं, मी पुन्हा अडलो. शेवटी ते स्वतःच हात पसरून, पाठ रांगेकडे करून दारात उभे राहिले. जे माझं काम होतं ते त्या म्हाताऱ्या माणसाला करावं लागलं.

ताई कपडे करून बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. "मालकांना बोलवा," त्या म्हणाल्या.

मालक गावाला गेला होता. पटापटबाई घाईघाईने म्हणाली, "अहो, मी काही केलं नाही. पडदाच जुना झालाय, आपोआप सरकला."

सगळं खापर माझ्या डोक्यावर! मी, ज्याला सरकवताना धडधाकट माणसाला घाम फुटतो, तो आपोआप सरकलो! रांगेतल्या प्रत्येकाने तिचे हात पाहिले होते. एकानेही तोंड उघडलं नाही. जो तो हातातल्या कपड्याची किंमत वाचण्यात गुंगला.

"चल पोरी," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "कशाला वाढवायचं? चारचौघांत आणखी शोभा नको." ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने चालू लागल्या. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. ताईंनी ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयात रीतसर तक्रार केली. मालक गावाहून आला तो ही बातमी ऐकून हादरलाच. त्याने ताईंना दुकानात यायची विनंती केली. त्या आल्या, सोबत बाबाही होते. मालकाने खुर्ची पुढे केली, मधासारखं बोलला, आणि तीच पँट छान बांधून त्यांच्यापुढे ठेवली.

"ही आमच्यातर्फे भेट. आणि तो पडदा मी आजच काढून टाकतो. जुन्या वस्तूंचं असंच असतं हो. झालं गेलं विसरून जा, तेवढी तक्रार मागे घ्या."

"पडद्याबद्दल माझी तक्रारच नाही," ताई म्हणाल्या.

"पण तो आपोआप..."

"मग सरकवून दाखवा. आपोआप."

मालक हसला. उठून आला आणि दोन्ही हातांनी उचलून, झटका देऊन त्याने मला लावलं. लावतानाच त्याचं हसू कमी झालं. मग त्याने मला एका बोटाने ढकललं. मी हललो नाही. मोठा पंखा माझ्याकडे वळवला. मी नुसता फुगलो. एका हाताने खेचलं, आणि मी टेंगळापाशी घट्ट अडलो. ज्या टेंगळाची जन्मभर लाज वाटली, ते त्या दिवशी माझ्या बाजूने उभं राहिलं. मालकाने वर दांड्याकडे पाहिलं आणि तिथेच पाहत राहिला. तो जोड त्याच्याच पसंतीचा होता ना!

कोपऱ्यात पटापटबाई उभी होती. ती एकदम म्हणाली, "मी ओढला. दोन्ही हातांनी ओढला. रांग कुरकुरत होती, मला सुचलं नाही... नाही, सुचलं होतं. तुम्ही उलटून काही बोलणार नाही असं वाटलं मला." तिने मान खाली घातली. "चुकले मी, ताई."

"उद्यापासून येऊ नकोस," मालक गरजला.

"थांबा," ताई म्हणाल्या. "हिला काढून तुम्ही मोकळे होणार? शेजारची खोली खोक्यांनी कुणी भरली? घाई कर, घाई कर म्हणून हिच्या मागे कोण लागतं?"

मालकाने शेजारच्या खोक्यांकडे पाहिलं. मग पुटपुटला, "माझंही चुकलं. पण आता माफी मागितली ना आम्ही, मग तक्रार कशाला?"

"माफी माझ्यापुरती होती, ती मी घेतली. तक्रार राहील. माझ्यानंतर येणाऱ्या बाईला पुन्हा पहिल्यापासून भांडायला लागू नये. तक्रार करणं हा माझा हक्क आहे, तो भेटवस्तू घेऊन परत द्यायचा नसतो."

बाबांनी डोळे पुसले. "त्या दिवशी मीच तुला गप्प केलं गं," ते म्हणाले. "लाज त्यांना वाटायला हवी होती आणि घेऊन बसलो मी."

ताईंनी मालकाने बांधलेलं पुडकं सोडलं, पँट काढली आणि म्हणाल्या, "बाबा, पडदा लावा. माझं घालून बघायचं अर्धवट राहिलंय."

या वेळी बाबांनी दोन्ही हातांनी मला उचललं. मी एका झटक्यात भिंतीपर्यंत गेलो. आत पट्टे सावकाश सुटले, सावकाश लागले. बाहेर सगळे उभे होते, गिऱ्हाइकंसुद्धा, आणि कुणी "पटापट" म्हटलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते शेवटचं आणि सगळ्यात चांगलं काम.

ताई बाहेर आल्या. आरशात मागून पुढून पाहिलं.

"कमरेत ढगळ आहे," त्या म्हणाल्या. "नको." आणि पँट मालकाच्या हातात देऊन निघून गेल्या.

आता तिथे आतून कडी लागणारं दार आहे. शेजारची खोली रिकामी करून तिच्यात बाक आणि भिंतीला धरायला दांडा बसवला आहे. पटापटबाई अजून कामावर आहे, पण दारावर टकटक केल्याशिवाय आणि आतून "हो" ऐकल्याशिवाय ती बोलत नाही. मी माळ्यावर आलो. धूळ बसते, कसर लागली आहे, त्याचं मला फारसं काही नाही.

बोचतं ते वेगळंच. पटापटबाईने निदान मान खाली घातली. मालकही ओशाळला. पण ती रांग? ती कपडे घेऊन, पैसे देऊन घरी गेली आणि जेवली. मित्रांनो, कधी ना कधी तुम्हीही अशा रांगेत उभे असाल. पुढे कुणाला तरी वेळ लागत असेल, आणि कुणीतरी कुणाला तरी टाकून बोलेल. तेव्हा मला आठवा. मी सगळं पाहिलं आणि मला बोलता आलं नाही, कारण पडद्याला तोंड नसतं.

हे उसनं घेतलेलं तोंड आता मी परत करतो. तुमचं मात्र तुमचंच आहे.