हरणाला आग्रह

लतिकाच्या पंगतीतून आजवर कोणी भरपेट ढेकर दिल्याशिवाय सुटलेलं नाही. अमेरिकेत अल्फारेटातल्या मराठी मंडळात नवीन आलेल्यांना बजावूनच ठेवतात, तिच्याकडे जेवायला जायचं तर सकाळपासून काही खाऊ नका. आग्रह करते म्हणजे पार मानगुटीवर बसते. आता असल्या बाईने हरणाच्या शिकारीच्या नादी लागावं का? पण लागली. ऑफिसातल्या नीनाने नाद लावला आणि लतिकाने सप्टेंबरातच भलामोठा फ्रीझर आणून गॅरेजमध्ये बसवला. तेव्हापासून नवऱ्याची, प्रसादची, गाडी बाहेर. जानेवारी उजाडला तरी फ्रीझरमध्ये बर्फाशिवाय काही नाही. "सीझन संपेपर्यंत हरीण आलं नाही तर फ्रीझर जाणार," प्रसादने सांगून टाकलं. लतिकाच्या ते फार जिव्हारी लागलं. सगळ्या मंडळाला तिने हरणाच्या रश्श्याचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं ना.

आज सीझनचा शेवटचा रविवार. दोघी नारिंगी जाकिटं घालून झाडीत दबून बसल्या होत्या. नीनाने हरणाचा आवाज काढायची नळी तिच्या हातात दिली. "आता उरलेत ते सगळे गोळ्यांनी पोळलेले, सावध नर. नोव्हेंबरात ते माजावर असतात, तेव्हासारखा धिंगाणा नको. हळूच दोनदा घुर्र कर, मग अर्धा तास गप्प."

दोनदाच? एकदा विचारून गप्प बसणारी माणसं मनातून नकोच म्हणत असतात, असं लतिकाचं ठाम मत. तिने दोनदा घुर्र केलं, चुळबुळली आणि मग सुटलीच. घुर्र, घुर्र, आणखी थोडं घुर्र. ओढ्यापलीकडे एक नर आला होता, त्याने कान टवकारले आणि पांढरी शेपटी उडवत तो पसार झाला.

"यार, तू त्याला बोलावतेयस की भरवतेयस?" नीना पुटपुटली.

लतिका रुसली, अगदी मनापासून. नसेल यायचं तर राहिलं. बऱ्याच वेळाने नीनाने डिवचलं म्हणून तिने दोनदा घुर्र केलं, तेही नावडत्या नातेवाइकाला लग्नाचं बोलावणं करावं तसं कोरडं, आणि तोंड फिरवून बसली.

आणि आला की हो! चांगला डौलदार शिंगांचा नर, पानं तुडवत थेट समोर. नीनाने कोपर मारलं. लतिकाने बंदूक उचलली, पण तिला हसूच फुटायला लागलं. आपण बोलावलं आणि हा आला! आनंदाने तिला काही सुचेना, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "आलात? या ना, बसा."

तो कसला बसतोय. एका उडीत दिसेनासा झाला. नीना पोट धरून पाचोळ्यात लोळली आणि लतिकाच्याही डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

गाडीत बसेपर्यंत प्रसादचा फोन. "आलं का हरीण?"

"आलं ना. माझ्या बोलावण्याने आलं. तू फ्रीझर खुशाल विक."

"म्हणजे? मग मंडळात काय सांगू?"

"सांग, येऊन गेला," लतिका डोळे पुसत म्हणाली. "जेवायला मात्र थांबला नाही."