सतरा नंबरची खुंटी

मी सतरा नंबरचं लाइफ जॅकेट बोलतंय. मूळचं नारिंगी, आता उन्हाने पार विटलंय. पण बक्कल अजून खणखणीत आहे, उगाच म्हातारं समजू नका.

डोंगरातून उसळत येणाऱ्या नदीच्या काठी आमची शेड. वरच्या वळणावरून रबरी होड्या सुटतात, माणसं किंचाळत, भिजत खाली येतात, जॅकेट खुंटीवर टाकतात आणि पायवाटेने चालती होतात. शेडवाले काका संध्याकाळी माणसं मोजत नसत, आम्हाला मोजत. बावीस खुंट्या, बावीस जॅकेटं. "भरल्या सगळ्या. म्हणजे आले सगळे!" असं म्हणून कुलूप लावत. वीस वर्षं कधी अडलं नाही.

एके दिवशी मला चष्मेवाल्या एका मास्तरांनी घातलं. एकटेच आले होते. भला माणूस! होडीतून उतरल्यावर सगळे पांगले, पण यांचं मन भरेना. मला अंगावर घेऊनच पायवाटेने पुन्हा वर गेले, पाण्यालगतच्या खडकावर बसले. उकडत होतं म्हणून मला काढून शेजारी ठेवलं. वाऱ्याचा झोत आला नि मी पाण्यात!

"अरे अरे, लोकांची वस्तू!" म्हणत ते मला धरायला वाकले आणि त्यांचा पाय सटकला. प्रवाहातल्या एका दगडाला मिठी मारून ते ओरडत राहिले. त्या खळखळाटात कुणाला काय ऐकू जाणार? ज्याला त्यांनी धरायला हवं होतं, ते मी खाली वाहत निघालं. मला थांबताच येईना.

शेडपाशी काकांच्या मुलीने मला वल्ह्याने ओढून घेतलं. "बघा बाबा, जॅकेट पाण्यात फेकून जातात लोक. लाजच नाही मेल्यांना!" तिने मला सतराव्या खुंटीवर टांगलं. काकांनी मोजलं. बावीस. अहो, एक माणूस अजून दगडाला धरून आहे तिथे! माझा जीव नुसता तळमळत होता, पण मला तोंड कुठलं? कुलूप लागलं.

दोन दिवसांनी मास्तरांची बहीण विचारत आली. खूप शोधलं, पण नदीने त्यांना दिलंच नाही. काकांनी अंथरूण धरलं ते कायमचं.

आता शेड मुलगी सांभाळते. मला कुणाला देत नाही. संध्याकाळी दारात उभी राहून एकेकाकडे बोट करत माणसं मोजते. काल बारा जण आले होते. बारा मोजून झाले आणि तिचं बोट हवेतच थांबलं. मग तिने झटकन तोंड फिरवलं. रोज असंच करते. आणि रोज माझ्या पट्ट्यातून पाणी ठिबकतं, मला कुणी घातलेलं नसताना.

पोरी, तुला दिसतात ना ते? मलाही दिसतात. रांगेत सगळ्यांच्या मागे, चष्मा ओला, तुझ्या बोटाकडे बघत उभे असतात. घाबरू नकोस गं, ते तुला काही करणार नाहीत. उद्या तेवढं तोंड फिरवू नकोस. त्यांच्याकडेही बोट कर आणि त्यांना मोज.