खडू म्हणू नका

मित्रांनो, शाळेच्या कार्यालयात शिरलं की डाव्या हाताला, भिंतीला पाठ टेकून उभं असलेलं राखाडी लोखंडी कपाट म्हणजे मी. म्हणजे, बरीच वर्षं मी तिथे होतो. माझे तीन पाय धड आहेत, चौथ्याखाली लाकडाचा ठोकळा आहे, त्यामुळे मी जरा पुढे झुकलेलाच असतो. आपली जन्मकथा सांगताना जो तो छाती फुगवतो. मला ते जमायचं नाही. मी मान खाली घालून बोलणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या कारागिराने मला ठोकून, वाकवून, घासून उभं केलं, त्याने शेवटी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "याला फोडायला येणाराच दमून घरी जाईल!" ती थाप माझ्या डोक्यात गेली. शाळेत आल्यावर तर विचारूच नका. वरच्या कप्प्यात चषक, त्याखाली नकाशे आणि हजेरीपट, मधल्या कप्प्यात खडूचे डबे, डस्टर, कोऱ्या उत्तरपत्रिका. तपासणीला आलेले साहेब माझं दार उघडून म्हणायचे, "वा, काय टापटीप आहे!" आणि मी लोखंडाचा असूनही आतून विरघळायचो.

मग एके दिवशी विज्ञानाच्या बाई एक खोकं घेऊन आल्या आणि माझा तळातला कप्पा रिकामा करू लागल्या.

आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुली एका खोलीच्या घरातून येतात. खोलीत सहा-सात माणसं आणि दिवसाला दोन बादल्या पाणी. पाळी आली की जुन्या कपड्याच्या घड्या वापरायच्या, त्या कशाबशा धुऊन, कुणाला दिसू नयेत म्हणून कुठेतरी दडवून वाळवायच्या, आणि महिन्यातले चार दिवस शाळा बुडवायची. बाईंनी हजेरीपट चाळताना हे ओळखलं. मग कुणाकुणाचे उंबरठे झिजवून त्यांनी दर महिन्याला पॅडचं एक खोकं मिळवलं.

खरं सांगू? मला आनंद वगैरे काही झाला नाही. मला लाज वाटली. वर चषक आणि खाली हे! साहेबांनी पाहिलं तर काय म्हणतील? बाईंनाही थोडं तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी एकेक पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं. मग मुलींना जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "हे बघा, पॅड हवं असलं तर चारचौघांत तसं म्हणायला नको. नुसतं म्हणायचं, बाई, खडू हवाय. मी समजेन."

मुली खुदखुदल्या, पण शब्द मस्त चालला. खडू मागायला येणाऱ्यांची रीघ लागली. "एवढे खडू लागतात कशाला गं तुम्हाला? खाता की काय?" असं आमचे कारकून भाऊ विचारायचे, आणि बाईंना नेमका तेव्हाच खोकला यायचा.

त्या मुलींत एक होती, तिला सगळी शाळा शंकाबाई म्हणायची. तास सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत की हिचा हात वर. "सर, एक शंका आहे." सर डोक्याला हात लावायचे. आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची, पण पोरगी हुशार, नुसती लखलखीत. आमची शाळा आठवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर तिच्यासाठी एकच वाट होती, वसतिगृहाच्या शाळेची निवड परीक्षा. त्यात पास झालं तर राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. नाही झालं तर आईबरोबर कामाला.

परीक्षेचं केंद्र आमचीच शाळा होती. अशा वेळी शाळेच्या शिक्षकांना आवारात येऊ देत नाहीत, पर्यवेक्षक बाहेरून येतात. त्यामुळे बाई घरी आणि माझी किल्ली कारकून भाऊंच्या खिशात. पहिला पेपर झाला. दुसऱ्याला अर्धा तास होता. कार्यालयात बाहेरचे चार साहेब चहा पीत बसले होते. दारात शंकाबाई येऊन उभी राहिली. दप्तर तिने पाठीमागे, कमरेखाली धरलं होतं.

"भाऊ, खडू हवाय."

"खडू? परीक्षेत कशाला गं खडू?"

"बाई देतात... तो."

भाऊ काही वाईट माणूस नव्हेत. चहा ठेवून उठले, मला उघडलं आणि मधल्या कप्प्यातला एक पांढरा खडू तिच्या हातावर ठेवला.

"हा नाही," ती म्हणाली. तिने साहेबांकडे चोरून पाहिलं. "खालचा."

"घ्या! आता खडूतही वरचा आणि खालचा!" भाऊ हसले. साहेबही हसले. त्यांच्यातला एक म्हणाला, "अहो, रंगीत हवा असेल तिला."

मित्रांनो, इथे माझा गुन्हा आहे. मी पुढे झुकलेला, त्यामुळे दार उघडलं की तळातलं एखादं पाकीट हमखास घसरून जमिनीवर पडायचं. बाई वैतागून पुन्हा रचायच्या. त्या दिवशीही एक पाकीट घसरत कडेपर्यंत आलं होतं. ते पडून वरचा कागद सुटला असता, तर भाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला असता आणि पोरीचं काम झालं असतं. पण समोर चार साहेब होते. माझी अब्रू जाईल म्हणून मी अंग चोरलं, सगळा जीव एकवटून ते पाकीट धरून ठेवलं. भाऊंनी दार लावलं.

"थँक्यू भाऊ," असं म्हणून तिने तो खडू मुठीत घेतला आणि भिंतीला पाठ लावून तिरकी तिरकी निघून गेली. खिडकीतून मला फाटक दिसतं. ती फाटकाबाहेर गेली. दुसऱ्या पेपरची घंटा झाली आणि तिच्या क्रमांकापुढे गैरहजर असं लिहिलं गेलं. जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींबद्दल विचारणारी पोरगी, आणि तिला हे एक मागता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना कळलं. त्यांनी मला उघडून तळात गच्च भरलेली ती पाकिटं पाहिली आणि तशाच जमिनीवर बसल्या.

"तिने खडू मागितला, मी खडू दिला," भाऊ म्हणाले. "माझं काय चुकलं, बाई?"

"तुमचं नाही हो. शब्द मीच शिकवला होता तिला." मग त्यांनी त्या शब्दाचा अर्थ सांगितला. भाऊंना स्वतःच्या दोन मुली आहेत.

फेरपरीक्षेसाठी अर्ज करायचं ठरलं. शंकाबाई आईला घेऊन आली. भाऊंनी कागद पुढे ओढला. "कारण काय लिहू?"

"पोटात दुखत होतं म्हणून लिहा ना भाऊ," आई कानकोंडी होऊन म्हणाली. "झाकून जाईल."

भाऊंनी पेन कागदावर टेकवलं.

"आई, नको," शंकाबाई म्हणाली. "भाऊ, लिहा की मला पाळी आली होती. कपाट पॅडनी भरलेलं होतं आणि मला ती मागता आली नाहीत. असंच लिहा."

तिची मान वर होती. आम्ही बाकीचे सगळे जमिनीकडे बघत होतो. भाऊंनी शब्दन्शब्द तसंच लिहिलं आणि कुणी सांगितलं नसताना खाली स्वतःची सही केली.

आता सगळं गोड झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही झालं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की फेरपरीक्षेची तरतूद नाही. शंकाबाई आता आईबरोबर कामाला जाते. बाई तिला रविवारी शिकवतात, बाहेरून परीक्षेला बसवणार म्हणतात. बसेलही ती. पण वसतिगृहातली तिची खाट दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि ते मी विसरू शकत नाही.

मला भाऊंनी मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेरच्या व्हरांड्यात आणून ठेवलंय. चषक गेले, कुलूप गेलं, पाकिटांवरचं वर्तमानपत्रही गेलं. दारावर भाऊंच्या अक्षरात मोठ्ठं लिहिलंय, 'पॅड. हवं तेव्हा घ्या.' तरी अजून काही मुली व्हरांडा रिकामा होईपर्यंत थांबतात. मला ते बघवत नाही.

मित्रांनो, मला रंग नाही दिलात तरी चालेल, गंजलो तरी चालेल. माझा तळ मात्र कधी रिकामा पडू देऊ नका. एखादी मुलगी तुमच्यासमोर येऊन अडखळली, तर हसू नका, जे आहे ते नाव तुम्हीच आधी घ्या. आणि लाज कुणाला तरी वाटायलाच हवी असेल, तर ती मला वाटू दे. त्या दिवशी पाकीट मी धरून ठेवलं होतं. तिने काहीच केलं नव्हतं.